सूर्यावरून गेलेला ठिपका

बाळाच्या तोंडावर ओलं फडकं होतं. चार पदरी घडी घातलेलं, नाकासकट झाकलेलं. बाळानं श्वास घेतला की ते मधोमध आत ओढलं जायचं आणि तिथंच चिकटून राहायचं. आत्याबाई शेजारी पाय लांब करून बसली होती आणि तिची दोन बोटं फडक्याच्या कडेवर होती. दुपारची वेळ. वहिनी बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडलेली, नऊ दिवसांची बाळंतीण, तापानं ग्लानीत. बाहेर नाशकातल्या द्वारकेच्या नाक्यावर कुणीतरी ट्रकच्या चाकावर घण घालत होतं. मी पाण्याची कळशी खाली ठेवली आणि विचारलं, "हे काय?"

"माश्या बसतात," आत्याबाई म्हणाली.

"माश्यांना ओलं कशाला लागतं?"

 मी फडकं उचललं. बाळाचा रंग निळसर झाला होता. त्याचा वरचा ओठ जन्मतःच नाकापर्यंत दुभंगलेला होता. त्या फटीतून हवा आत गेल्याचा आवाज आला, फुंकणीला चीर पडल्यावर येतो तसा, आणि मग ते रडलं.

"कमळे, ठेव ते जागेवर," आत्याबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. चुलीत लाकूड सार म्हणते तसं म्हणाली. "असलं लेकरू मी पाहिलंय. दूध नाकातून बाहेर येतं. बारा दिवस रडतं आन् तेराव्या दिवशी रडायचं थांबतं. मला ते पुन्यांदा बघायचं नाय."

मी फडकं मोरीत टाकलं, बाळ उचललं आणि ओट्यावर जाऊन उभी राहिले. मला तेव्हा अकरावं लागलं होतं.

आत्याबाई म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. मी रांगत होते तेव्हाच आई-वडील एकापाठोपाठ गेले. दादाला आणि मला तिनं वाढवलं, नांदगावहून गाठोडं घेऊन नाशकात येऊन, लोकांच्या घरची धुणी धुऊन. तिच्या नवऱ्यानं तिला टाकलं होतं एवढंच आम्हाला माहीत होतं. तिला कुणी राक्षसीण समजू नये. राक्षसीण असती तर मी हे लिहायला उरले नसते. पण त्या दुपारी तिची बोटं फडक्यावर होती हे मी बघितलं आणि ते मी लपवणार नाही.

हे लिहायला मला अमूनं बसवलं. अमू माझी नात, मुलीची मुलगी. ती पुण्याला असते आणि दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणारे ग्रह शोधते. मला वाटायचं, दुर्बिणीला डोळा लावून बसत असेल. तसं नसतं. दुर्बीण अवकाशात सोडलेली आहे, जिथं ढग नाहीत, धूळ नाही. ती हजारो ताऱ्यांकडं एकदम टक लावून बसते आणि कुणाचा किती उजेड आला ते मोजून खाली पाठवते. अमूच्या लॅपटॉपवर त्याची रेघ उमटते. रेघ सरळ चाललेली असते, मधेच जराशी खाली बसते, परत वर येऊन सरळ चालू लागते. ती जिथं बसली तिथं ताऱ्याच्या पुढून काहीतरी गेलं असं समजायचं. मागच्या उन्हाळ्यात तिनं मला ते दाखवलं.

"ह्यात ग्रह कुठाय?" मी विचारलं.

"ग्रह दिसत नाही आजी. उजेड कमी झालेला दिसतो फक्त."

"म्हणजे तू इतकी शिकलीस आणि अजून बघितला नाहीस. मी बघितलाय. ताऱ्यापुढून ग्रह जाताना, ह्या डोळ्यांनी."

"कुठला तारा?"

"सूर्य. तो ताराच ना? द्वारकेला बघितला, घरासमोर. विळीच्या बदल्यात."

विळीचं तिला काही कळेना. मी सांगायला लागले आणि मधेच थांबले. मग ती म्हणाली, "बोलवत नसेल तर लिही." मी चौथी शिकले आहे. शुद्धलेखन ती बघणार आहे. मजकुराला हात लावायचा नाही असं तिला बजावलं आहे.

आमची वस्ती द्वारकेच्या मागच्या अंगाला, चाळीसेक घरांची, सगळी बौद्ध. पुढं ट्रकांची गॅरेजं, टायरवाले, भंगारवाले. सकाळपासून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज यायचा आणि आम्हाला तो ऐकूच येत नसे; थांबला तरच कान टवकारले जायचे. दादा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा, नगरपालिकेच्या शाळेत मास्तर. वस्ती त्याला गुरुजी म्हणायची. गावाकडचे टाक आणि शेंदरी दगड टोपल्यांत भरून गोदावरीत सोडून आलेली ही माणसं. घराघरांत भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. पण ग्रहण कुणी सोडलं नव्हतं. ग्रहण लागलं की पोटुशी बाई दार लावून चटईवर सरळ उताणी निजायची. चिरायचं नाही, शिवायचं नाही, हातपाय दुमडायचे नाहीत. चिरलं तर बाळाचा ओठ चिरतो. दादाला याची चीड होती. "देव नदीला दिलेत आणि ग्रहण उशाला घेऊन झोपताय," असं तो भर सभेत म्हणायचा. बाया हसायच्या आणि पुढच्या ग्रहणाला पुन्हा दार लावायच्या.

रशीदचाचांच्या भंगारात त्याला एक पितळी दुर्बीण मिळाली होती, पलटणीतून फेकून दिलेली. एका काचेला कडेला तडा होता. त्याच उन्हाळ्यात पेपरात चार ओळी आल्या की बुध नावाचा ग्रह सूर्याच्या पुढून जाणार आहे, दिवसभर चालणार आहे आणि आपल्याकडं सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसणार आहे. दादानं ते कात्रण खिशात घातलं आणि ठरवून टाकलं. सगळ्या वस्तीला बोलवायचं, सूर्यापुढून ग्रह जाताना दाखवायचं, आणि त्याच वेळी गरोदर बाईनं उघड्यावर बसून चिरून दाखवायचं. वस्तीत त्या वेळी गरोदर बाई एकच होती. वहिनी, सातवा महिना लागलेली.

वहिनी, म्हणजे सुलोचना, देवळ्याकडची, कांद्याच्या शेतांत मजुरी करून वाढलेली. एरवी आमच्यासारखंच बोलायची, पण राग आला की माहेरची बोली तोंडात यायची. आदल्या दिवशी आम्ही कुरडयांसाठी गव्हाचा चीक घाटत होतो. मोठं पातेलं, खाली रटरट आवाज, वहिनी घामानं निथळलेली. दादा दारात उभा राहून म्हणाला, "उद्या सगळ्यांसमोर तू कांदे चिरायचे."

"मी नाय."

"तुझा विश्वास आहे का असल्या गोष्टींवर?"

"इस्वास नाय. पन तुमचं खरं करायला माझंच पोट कशाला?"

"मास्तराचीच बायको घाबरली तर मी लोकांना काय सांगू?"

"नका सांगू."

"हे बघ, फक्त दोन टोपल्या..."

"मनं पोट काय तमाशा शे का?" वहिनीनं उलथनं पातेल्यावर आपटलं. चिकाचे शिंतोडे माझ्या हातावर उडाले. भाजलं. दादा निघून गेला. जाताना तो म्हणाला, "सकाळी नऊला." म्हणजे ठरलेलंच होतं.

मग वहिनीनं मला जवळ ओढलं. "कमल, इळी लपव. सकाळी मागतील तं सापडत नाय म्हन. घरात एकच इळी. ती नसली तं चिरतील कशानं?" मी मान हलवली आणि विळी धान्याच्या कोठीमागं सरकवून ठेवली.

सकाळी दादानं ओट्यासमोर स्टूल मांडलं, त्यावर दुर्बीण चिंध्यांनी घट्ट बांधली, तिच्या गळ्यात भोक पाडलेला पुठ्ठा अडकवला आणि मागं पाटावर पांढरा कागद टाचला. दुर्बिणीला डोळा लावायचा नाही, आंधळे व्हाल, हे त्यानं प्रत्येक पोराला कान धरून सांगितलं. सूर्य कागदावर पाडायचा. माणसं जमली. मग त्यानं मला विचारलं, "कमल, विळी कुठाय?"

"सापडत नाही."

तो माझ्याकडं बघून हसला. मास्तर होता, पोरांचं खोटं त्याला कळायचं. "आणलीस तर सगळ्यांच्या आधी तुला दाखवीन. मी बघायच्या आधी."

मी विळी आणली.

कुणी मला मारलं नव्हतं, धमकावलं नव्हतं. मला पहिलं बघायचं होतं, बस. वहिनी पाटावर बसली, विळी पायाखाली दाबली आणि एकदा माझ्याकडं वर बघितलं. रस्त्यात अनोळखी पोरीकडं बघावं तसं. मग तिनं कांदा हातात घेतला.

मी बघितला तो ठिपका. कागदावर भाकरीएवढा सूर्य पडला होता, कडेनं थरथरणारा, आणि त्याच्या कडेशी एक काळा ठिपका, खसखशीच्या दाण्याएवढा. मला वाटलं कागदावर घाण पडली. मी फुंकर मारली. दादा हसला, त्यानं कागद हलवला. कागद सरकला पण ठिपका सूर्याला धरून राहिला. तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. "तो गोळा आहे," दादा म्हणाला, "दगडाचा, आपल्या पृथ्वीसारखा. आपल्या आणि सूर्याच्या मधे आलाय." मी पुन्हा बघितलं. एवढा मोठा गोळा आणि एवढासा दिसतो, मग सूर्य केवढा, आणि आपण केवढे, असं काहीबाही डोक्यात आलं. पुढं पन्नास वर्षांत इतकं मोठं काही माझ्या डोक्यात आलं नाही. हेही खरं आहे आणि लिहायला पाहिजे.

लोक रांगेनं बघत होते. शेजारची पारूबाई बघून म्हणाली, "एवढंच? आन् ह्याच्यापायी मी कुरडया टाकून आले?" कुणीतरी विचारलं, "गुरुजी, हे पंचांगात नाय." दादा म्हणाला, "पंचांगात नाही म्हणून तर ग्रहण नाही. भ्यायचं कशाला?" वहिनी खाली मान घालून चिरत होती, कचाकच, माहेरच्या सवयीनं. दोन टोपल्या कांद्यांचा असा भपका उठला की सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पारूबाई पदर डोळ्यांना लावत म्हणाली, "गुरुजी, तुमच्या ग्रहाचं सोडा, तुमच्या बायकोच्या कांद्यानं डोळे गेले आमचे!" सगळे हसले. दादा तर फारच हसला. वहिनी हसली नाही. आत्याबाई घराबाहेर आलीच नव्हती. दार आतून लावून बसली होती, आणि दादा हाक मारायला गेला तेव्हा दाराआडून म्हणाली, "सूर्यापुढं काय बी आलं की ते गिराणच."

त्या ठिपक्यानं सूर्याचा उजेड किती कमी केला असेल, हे मी अमूला विचारलं. तिनं आकडा सांगितला तो मला समजला नाही. मग ती स्वयंपाकघरात गेली, डब्यातली ज्वारी काढून थोडी मोजली, थोडा गुणाकार केला आणि म्हणाली, "समज, शेरभर ज्वारी आहे. त्यातला एक दाणा काढला." शेरभरातून एक दाणा. दुसऱ्या ताऱ्यांचा तेवढाच एखादा दाणा कमी झालेला ती दुर्बीण इतक्या लांबून ओळखते. आमच्या वस्तीनं मात्र त्या एका दाण्यावर एका बाईचं अख्खं आयुष्य तोलायला घेतलं.

दोन महिन्यांनी वहिनी बाळंत झाली. मुलगा झाला. सुईणीनं त्याला दिव्यापुढं धरलं आणि ती एकदम गप्प झाली. तिच्या गप्प होण्यानंच आम्हाला कळलं. सकाळपर्यंत सगळ्या वस्तीला माहीत होतं. पहिले दोन दिवस लोक दादाला बोलले, "गुरुजींनी स्वतःच्या लेकराचा ओठ चिरून घेतला." तिसऱ्या दिवसापासून दादाचं नाव मागं पडलं. विळी तर तिच्याच पायाखाली होती ना, असं बाया नळावर म्हणायला लागल्या. आईला नको का कळायला? दादानं त्यांना उत्तर दिलं नाही. तो शाळेत जायचा, यायचा, बाळाकडं न बघता जेवायचा. बाळाला ओढता येत नव्हतं. छातीला लावलं की गुदमरायचं, आणि घशाखाली गेलेलं निम्मं दूध नाकातून बाहेर यायचं. आठव्या दिवशी दादा गोदेपलीकडच्या भगताकडून काळा गंडा घेऊन आला. माझा दादा. त्यानं तो बाळाच्या गळ्यात बांधायला हात पुढं केला तेव्हा वहिनी म्हणाली, "त्या दिवशी खोटं व्हतं ना? मग आजबी खोटंच. काढा ते." त्यानं गंडा खिशात घातला. फेकला नाही. पुढं कित्येक दिवस शर्ट धुताना तो माझ्या हाताला लागायचा.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ते फडकं.

ओट्यावर मी बाळ घेऊन किती वेळ उभी होते कोण जाणे. नंतर आत जाऊन वहिनीला हलवलं आणि जे बघितलं ते सांगितलं. आत्याबाई समोरच बसली होती, तिनं नाही म्हटलं नाही. वहिनी उठून बसली. अंग तव्यासारखं तापलेलं. तिनं डोक्याला फडकं घट्ट बांधलं, लुगडं सावरलं आणि मला म्हणाली, "चल." दारातून बाहेर पडल्यावर तिला भोवळ आली. रशीदचाचांनी ते बघितलं. हातगाडीवरचं सगळं लोखंड त्यांनी रस्त्याकडंला ओतलं, गोणपाट अंथरलं, वहिनीला बसवलं आणि सरकारी दवाखान्यापर्यंत गाडी ओढत नेली. मी बाळ घेऊन पळत होते. वाटेत चाचा मागं वळून म्हणाले, "ए छोकरी, संभाल के पकड. इतना महंगा माल मेरी गाडी पे पहिली दफा चढा है."

दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. नाव मला माहीत नाही, मी विचारलं नाही. त्यांनी बाळाच्या तोंडात बोट घालून बघितलं. टाळूही फाटलेली होती. त्यांनी वहिनीला विचारलं, काही औषध घेतलं होतं का, आजार झाला होता का. वहिनीनं खाली बघत कांद्यांचं सांगितलं. सूर्यापुढून काहीतरी गेलं, मी चिरत होते. किती महिने झाले होते तेव्हा, असं बाईंनी विचारलं. सातवा, वहिनी म्हणाली.

"बाळाचा ओठ पोटात दुसऱ्या महिन्यातच जुळतो," बाई म्हणाल्या. "तुम्हाला दिवस गेलेत हे नीट कळायच्या आधी. तुम्ही कांदे चिरले त्या दिवशी हा ओठ असाच होता, पाच महिन्यांपासून."

"पाच महिने?"

"हो."

"म्हंजे आधीच?"

"आधीच. तुमच्या हातानं काही झालेलं नाही. असं कधी कधी रक्तात असतं. घराण्यात कुणाला होतं का?"

"आमच्यात नाय," वहिनी म्हणाली. मग ती रडली. नऊ दिवसांत मी तिला पहिल्यांदा रडताना बघितलं. मी मात्र बाईंचा प्रश्न ऐकून गार पडले होते. असलं लेकरू मी पाहिलंय, आत्याबाई म्हणाली होती. बारा दिवस, म्हणाली होती. मोजून.

संध्याकाळी घरी आलो. आत्याबाई सुपात तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले. "आत्याबाई, ते लेकरू कुणाचं होतं?"

"कंचं?"

"बारा दिवसांचं."

"व्हतं कुणाचं तरी."

"कुणाचं?"

तिनं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. "माझं," ती म्हणाली.

दादा दारात चपला काढत होता, तो तिथंच थांबला. आत्याबाई तांदळाकडं बघत बोलत राहिली. "गिराण नव्हतं, काय नव्हतं. मी नऊ महिने सगळं पाळलं. सासू म्हणाली, तू चोरून काय तरी चिरलं असशील. मी नाय म्हनलं. शंभरदा नाय म्हनलं. मग मलाच वाटाया लागलं, चिरलं असंल. बारा दिवसांनी लेकरू गेलं, म्हैन्यानं मला धाडली माहेरी."

"मग वहिनीला सगळे बोलत होते तेव्हा तू का सांगितलं नाहीस?"

"सांगून काय? आपल्या रक्ताला बोल लागला असता. तुझं लगीन व्हायचं हाय. ती परक्याची. तिला बोल लागला तं लागला." एवढं तिनं सरळ सांगितलं. त्याच्या चाळीस वर्षं आधी तिच्यावर जे केलं गेलं तेच तिनं दुसरीवर होऊ दिलं, आणि माझ्यासाठी केलं. मी तिचे आभार मानले नाहीत, शिव्याही दिल्या नाहीत. काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

वहिनी बाजेवरून म्हणाली, "आत्याबाई, सगळ्यांसमोर मी कांदे चिरले. आता सगळ्यांसमोर तुमी हे सांगा."

आणि आत्याबाईनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर, हंडा खाली ठेवून, सगळ्या बायांसमोर. माझं लेकरू असंच झालं होतं, तवा गिराण नव्हतं, हा आमच्या रक्ताचा दोष हाय, सुलोचनेचा नाय.  सगळं ऐकून झाल्यावर पारूबाई म्हणाली, "मग तवाबी तू काय तरी चिरलं असशील, म्हातारे." काही बाया हसल्या. काहींनी हंडे उचलले आणि गप्प निघून गेल्या. त्या गप्प गेलेल्यांपैकी दोघी दुपारी वहिनीसाठी बाजरीची पेज आणि शेपूची भाजी घेऊन आल्या. एवढाच फरक पडला. तो कमी नव्हता.

अमू सांगते, रेघ एकदा खाली बसली की तिला कुणी ग्रह म्हणत नाही. तेवढ्याच दिवसांनी ती पुन्हा बसली पाहिजे, आणि पुन्हा. निदान तीनदा. आणि त्याच्याही आधी स्वतःच्या दुर्बिणीवर संशय घ्यायचा: ती हलली का, तिचं काही बिघडलं का, ताऱ्यावरच डाग होता का, मागं दुसरा तारा लपला होता का. बहुतेक खड्डे असे खोटेच निघतात. एकेका खड्ड्यापायी ती महिना-महिना घालवते आणि शेवटी "हा नाही" असं लिहून टाकते. मी तिला विचारलं, "इतकं करून नाही म्हणायला वाईट नाही वाटत?" ती म्हणाली, "खोटा ग्रह धरून बसण्यापेक्षा बरं." आमच्या वस्तीला एकदाच पुरलं होतं. आत्याबाईच्या सासूला तर एकदाही लागलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, मुंबईचे सर्जन महिन्यातून एकदा येतात, ते ओठ शिवतील; पण बाळ दहा पौंडांचं, म्हणजे साडेचार किलोचं झालं पाहिजे. त्या दिवशी ते सव्वादोनचं होतं. घरी येईपर्यंत आम्हाला सगळ्यांना कळलं होतं की आता एवढंच काम आहे. वहिनी दूध पिळून वाटीत काढायची. मी बाळाला मांडीवर उभं धरून, चोचीच्या बोंडल्यानं थेंब थेंब गालाच्या आतल्या बाजूला सोडायची. जिभेवर सोडलं की नाकात जायचं. एक वाटी संपायला तास लागायचा आणि तासाभरानं पुन्हा भूक. शाळा सुरू झाली होती. पाचवीत माझं नाव घातलेलं होतं, पुस्तकंही आणलेली होती. पहिल्या आठवड्यात कुणी काही बोललं नाही, दुसऱ्या आठवड्यातही नाही, आणि मग ते तसंच राहिलं. दादा मास्तर होता आणि त्याच्या घरात मी चौथीवर थांबले. मी तक्रार केली नाही. विळी मी आणली होती. ओठाला माझा हात लागलेला नव्हता हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं. पण वहिनीनं माझ्यावर टाकलेला भरवसा मीच मोडला होता, आणि ते कुठल्या महिन्यात झालं याला महत्त्व नव्हतं.

दर सोमवारी मी बाळाला रशीदचाचांच्या काट्यावर न्यायची. ते पितळ मोजायचं पारडं आधी राखेनं घासायचे, मग त्यात स्वतःचा धुतलेला रुमाल अंथरायचे. "क्या भाव लगाऊँ?" हे त्यांचं ठरलेलं. "विकायचा नाही चाचा," हे माझं. श्रावणात बाळाला खोकला झाला आणि दोन सोमवार वजन खाली गेलं. दुसऱ्या सोमवारी चाचांनी काट्याकडं बघितलं, चेष्टा केली नाही, आणि पारडं पुन्हा घासायला घेतलं, जणू चूक पारड्याची असावी. त्या आठवड्यात आत्याबाईनं बोंडलं माझ्या हातातून काढून घेतलं. मला वहिनीकडं बघावं लागलं. वहिनी तिच्याकडं बघून म्हणाली, "द्या. पन माझ्यासमोर बसून." आत्याबाई तिच्यासमोर बसली. तेव्हापासून रोज बसायची.

दिवाळीच्या तोंडावर काटा साडेचारवर आला. दवाखान्यात कागदावर लिहायला नाव विचारलं. बारसं झालंच नव्हतं. वहिनीनं तिथल्या तिथं सांगितलं, "मिलिंद." दादा आमच्याबरोबर आला होता, पण आत आला नाही, पायरीवर बसून राहिला. आत्याबाई आत आली. ती दवाखान्यात आयुष्यात पहिल्यांदाच शिरत होती. मिलिंदला बाहेर आणलं तेव्हा ओठ सुजलेला होता आणि त्यावर बारीक काळे टाके होते. आत्याबाईनं वाकून ते टाके बघितले, एकेक.

"सुई-दोराच?" ती म्हणाली. "एवढंच करायचं व्हतं?"



टाळू पुढं दीड वर्षानं शिवली. मिलिंद बोलायला उशिरा शिकला, पण शिकला. वहिनी त्या तापातून उठली आणि म्हातारी होऊन गेली. दादा तिच्या आधी गेला, आत्याबाई त्याच्याही आधी. तिच्या बाळाला नाव ठेवलेलं नव्हतं. मिलिंद पंचावन्न वर्षांचा आहे. त्या घरातली आता आम्ही दोघं आहोत.